लाइनआउट: दहा मीटर मागे नेमकं कधीपर्यंत उभं राहायचं?

सातारकर_हॅमिल्टन

मंडळी, इथे रग्बी बघणारे किती आहेत ठाऊक नाही. पण क्रिकेटच्या धाग्यांवर एकेका पायचीतवर दोनशे प्रतिसाद पडताना पाहिलेत, तेव्हा नियमांचा कीस पाडणाऱ्यांची वाण नाही एवढं नक्की. त्या भरवशावर लिहितो.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला असतो. थोरला शाळेच्या दुसऱ्या संघातून १२ नंबरवर खेळतो. इथे त्या जागेला सेकंड फाइव्ह म्हणतात. गेल्या शनिवारी शेवटची चारेक मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. समोरच्यांचा लाइनआउट (चेंडू टचलाइनबाहेर, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ समांतर रांगा करतात आणि मधून चेंडू फेकतात, तो), आमच्या गोललाइनपासून साधारण वीस मीटरवर. त्यांच्या उंच पोराने मधोमध चेंडू झेलला, खाली आला, दोन्हीकडचे भिडले आणि मॉल, म्हणजे चेंडूवाल्याभोवती उभ्याउभ्या रेटारेटी करणारा घोळका, तयार झाला. तो मॉल आमच्या बाजूला दीडेक मीटर सरकलासुद्धा. ते बघून चिरंजीव पुढे सुटले. त्यांच्या ९ नंबरने मागून चेंडू काढून १० नंबरला दिला आणि त्याच क्षणी हा त्याच्या अंगावर. टॅकल इतका झकास की मी खुर्चीवरून उठलो.

शिट्टी. पेनल्टी. कारण काय, तर १२ नंबर ऑफसाइड, म्हणजे जिच्या मागे राहायचं त्या रेषेच्या पुढे, 'लाइनआउट संपलेला नव्हता'. वर पेनल्टीची जागा कुठे दिली, तर लाइनआउट झाला तिथून दहा मीटर आणखी आमच्याच पोस्टकडे! त्यांनी आरामात तीन गुण घेतले आणि आम्ही दोन गुणांनी हरलो.

माझं म्हणणं असं: मॉल झाला की ऑफसाइडची रेषा म्हणजे मॉलमधल्या आपल्या शेवटच्या माणसाचा मागचा पाय, हे शेंबडं पोरही सांगेल. मुलगा त्या पायाच्या मागेच होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. मग दहा मीटर कुठून आले? मॉल झाला, तो हलला, तरी लाइनआउट चालूच?

रेफरी बिचारा कुणाचा तरी बाबाच असतो, त्याच्यावर राग नाही. नियम काय ते कळू द्या.

बटाटेवडा०७

मॉलमध्ये गेल्यावर मीही कायम ऑफसाइडच असतो. बायको साड्यांच्या मजल्यावर आणि मी दहा मीटर मागे, पिशव्या धरून. ते कधी संपतं हे मलाही अजून कळलेलं नाही.

(जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतोय.)

चिखलखेळ्या

सातारकर, तुमच्या बाजूने एक मत. मी नव्वदीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळलोय. मुंबईत रग्बी म्हणजे पावसाळ्याचा खेळ. जुलैत दुसऱ्या हाफला पोचेपर्यंत कडेपासूनची पाच मीटरची रेषा नाही, पंधराची नाही, दोन्ही संघांच्या जर्सीचा रंग एकच: आझाद मैदानाची माती. आम्हाला शिकवलं होतं की मॉल झाला की लाइनआउट विसरा, मॉलचे नियम लागू. बॅक्स (रांगेत नसलेले मागचे खेळाडू) पुढे यायचेच. कुणी शिट्टी मारल्याचं आठवत नाही. बहुतेक रेफरीलाही काही दिसत नसावं म्हणा.

शिट्टीधर

पुण्यात आणि मुंबईत मिळून काही वर्षं शिट्टी फुंकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सातारकर, तुमच्या वर्णनावरून तरी रेफरी बरोबर होता. चिखलखेळ्या साहेब, तुम्हाला शिकवलेलं अर्धं बरोबर होतं, आणि हे अर्धंच सगळ्यांना पाठ असतं.

लाइनआउटला ऑफसाइडची रेषा एक नसते. तुम्ही कोण आहात त्यावर तुमची रेषा ठरते. नियम मैदानावरच्या तीस जणांचे दोन गट करतो. एक, भाग घेणारे: रांगेत उभे असलेले, चेंडू फेकणारा, फेकणाऱ्यासमोर पाच मीटरच्या आत उभा राहणारा त्याचा प्रतिस्पर्धी, आणि दोन्हीकडचा एकेक रिसीव्हर, जो बहुतेक वेळा ९ नंबर असतो. बाकीचे सगळे दुसऱ्या गटात. नियमाच्या लेखी ते त्या घडीपुरते बघे.

बघ्यांचं सोपं आहे. ज्या रेषेवर चेंडू फेकायचा ती मार्क ऑफ टच. तिच्यापासून आपापल्या बाजूला दहा मीटर मागे राहायचं, गोललाइन त्याहून जवळ असेल तर गोललाइनच्या मागे. आणि लाइनआउट संपेपर्यंत तिथेच. मध्ये मॉल होवो, रक (जमिनीवरच्या चेंडूवरची तशीच रेटारेटी) होवो, त्यांच्या रेषेला काही होत नाही.

भाग घेणाऱ्यांची रेषा मात्र सरकत जाते. थ्रो सुटून चेंडू कुणाला किंवा जमिनीला लागेपर्यंत मार्क हीच त्यांची रेषा. उडी मारताना पलीकडे गेलात आणि चेंडू हाती लागला नाही, तर लगेच परत या, माफी आहे. चेंडू कुणाला लागला की तिथून पुढे चेंडू हीच रेषा. मग रक किंवा मॉल झाला की मागचा पाय. तुम्ही म्हणता तो 'शेंबड्या पोराला ठाऊक असलेला' नियम हाच, फक्त तो ह्या गटासाठी आहे. तुमचा ९ नंबर मॉलच्या बाजूला रेंगाळला तर त्याला हा लागू. तुमच्या १२ नंबरला नाही.

आता मुख्य मुद्दा. लाइनआउट संपतो कधी? चेंडू किंवा चेंडू घेतलेला खेळाडू रांगेतून बाहेर पडला, टचलाइन आणि पाच मीटरच्या रेषेमधल्या पट्ट्यात शिरला किंवा पंधराच्या पलीकडे गेला, की संपला. चेंडू खेळण्याजोगा राहिला नाही तरी संपला. आणि मॉल किंवा रक झाला असेल तर त्यातल्या सगळ्या खेळाडूंचे सगळे पाय मार्कच्या पलीकडे गेले की संपला.

सगळ्यांचे. सगळे. मॉल दीड मीटर सरकला म्हणता, पण त्याचं डोकं सरकलं. मॉल लांबट असतो, आगगाडीसारखा. इंजिन पुलावर आलं म्हणून गार्डाचा डबा आला असं होत नाही. त्यांचा शेवटचा माणूस, बहुधा ज्याच्या हातात चेंडू होता तोच, अजून मार्कच्या अलीकडे उभा असणार. तो तिथे आहे तोवर लाइनआउट जिवंत, आणि लाइनआउट जिवंत तोवर तुमचा मुलगा दहा मीटर मागे हवा.

सातारकर_हॅमिल्टन

शिट्टीधर, कोपरापासून नमस्कार. गार्डाचा डबा लक्षात राहील.

पण दोन शंका. एक, ९ नंबरने चेंडू बाहेर काढला तेव्हा तरी लाइनआउट संपलाच ना? टॅकल त्यानंतर झाला. दुसरी, पेनल्टी दहा मीटर पुढे का? चूक मॉलजवळ घडली.

शिट्टीधर

चेंडू बाहेर पडला तेव्हा संपला, बरोबर. पण मुलगा त्याआधीच निघाला होता, असं तुम्हीच लिहिलंय. शर्यतीत पिस्तुल वाजायच्या आधी सुटलेला धावपटू 'फीत तर पिस्तुलानंतरच तोडली' म्हणाला तर चालेल का? आधी सुटल्यामुळेच तो १० नंबरपर्यंत वेळेत पोचला. रेफरी हेच बघतो. पलीकडच्या टोकाचा विंगर अर्धा मीटर पुढे सरकून नुसता कंबरेवर हात ठेवून उभा असेल तर मी शिट्टी मारत नाही, ओरडून मागे घेतो. पण टॅकलच त्या चोरलेल्या मीटरांवर झाला असेल तर मारावीच लागते.

जागेचं म्हणाल तर तुमच्या मुलाची रेषा होती दहा मीटर मागे. तो ऑफसाइड त्या रेषेच्या हिशेबाने ठरला, म्हणून पेनल्टीही त्या रेषेवर, चूक घडली त्याच्या समोर, आणि टचलाइनपासून निदान पंधरा मीटर आत. त्यामुळे ती पोस्टच्या जवळ येते. रांगेतल्या कुणी ऑफसाइड केला असता तर पंधराच्या रेषेवर मिळाली असती. बघ्याची चूक महाग पडते ती अशी.

अण्णा_पकडवाले

रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण हे वाचून कबड्डीतली लॉबी आठवली. दोन्ही कडेचा तो एक मीटरचा पट्टा. चढाईवाल्याचा कुणाला स्पर्श होईपर्यंत तो पट्टा मैदानाबाहेर, पाय पडला की बाद. झटापट सुरू झाली की तोच पट्टा मैदानात. रेघ तीच, चुना तोच, पण घटना घडली की तिचा अर्थ बदलतो. गावच्या स्पर्धांत अर्धी भांडणं 'झटापट आधी की पाय आधी' यावरच. तुमच्याकडेही तोच प्रकार दिसतोय, फक्त रेघ आखलेलीसुद्धा नाही!

शिट्टीधर

अण्णा, चपखल. फरक इतकाच की कबड्डीत लॉबी सगळ्यांसाठी एकदम उघडते. इथे झटापट झाली की रांगेतल्यांसाठी रेषा बदलते आणि बाकीच्यांसाठी बदलत नाही. सातारकरांची गफलत नेमकी तिथे झाली.

तिसरा_पंच

'सगळ्यांचे सगळे पाय' हे वाचून माझ्यातला वकील जागा झाला. मग मी मॉलच्या शेवटी एक माणूस मुद्दाम मार्कच्या अलीकडे ठेवीन. बाकी मॉल पुढे ढकलत राहा, याची टाच रेषेवर. लाइनआउट संपतच नाही! समोरचे बॅक्स दहा मीटरवर ताटकळत उभे आणि माझा ९ नंबर हवा तेव्हा चेंडू काढणार. ही पळवाट नाही का?

शिट्टीधर

पळवाट म्हणा किंवा कसब म्हणा, करतात. चांगले संघ ठरवून करतात. शेपूट मार्कवर ठेवायचं, समोरच्या बॅक्सना अडकवून ठेवायचं आणि मग चेंडू बाहेर. नियमात बसतं. पण दोन गोष्टी विसरू नका. तुमचे स्वतःचे बॅक्सही तुमच्या बाजूला दहा मीटर मागेच अडकलेले असतात. आणि मॉल पुढे जात नसेल तर तो अनंतकाळ धरून ठेवता येत नाही, रेफरी चेंडू खेळवायला सांगतो.

मुळात हे दहा अधिक दहा, म्हणजे वीस मीटर मोकळे ठेवण्यामागे हेतू आहे. दोन्हीकडचे धिप्पाड गडी पाच आणि पंधरा मीटरच्या रेषांमध्ये एकवटलेले असतात. उरलेल्या मैदानात बॅक्सना पळायला जागा मिळावी, खेळ नुसता रेटारेटीचा होऊ नये, म्हणून ही मोकळीक. ती फुकट जाऊ नये म्हणून नियम इतका कडक.

तिसरा_पंच

पटलं, पण पूर्ण नाही. मला वाटतं मॉल स्थिर झाल्यावर सगळ्यांना एकच रेषा द्यावी, प्रेक्षकालाही कळेल. नियम शब्दशः वाचून काय होतं ते २६ फेब्रुवारी २०१७ ला ट्विकनहॅमवर दिसलं होतं. इटलीने इंग्लंडविरुद्ध टॅकलनंतर रक करायचाच नाही असं ठरवलं. त्या वेळच्या नियमाने दोन्हीकडचा एकेक तरी माणूस भिडल्याशिवाय रक नाही, रक नाही तर ऑफसाइडची रेषा नाही. इटलीचे खेळाडू खुशाल इंग्लंडच्या ९ नंबरपलीकडे जाऊन उभे. इंग्लंडवाले गोंधळून रेफरी रोमँ प्वाटलाच विचारायला लागले की आम्ही करायचं काय, आणि त्याने आपण रेफरी आहोत, प्रशिक्षक नाही, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. मध्यंतराला इटली १०-५ ने पुढे! शेवटी इंग्लंडने ३६-१५ असा जिंकला तो भाग वेगळा. पण त्याच वर्षी नियम बदलायला घेतला आणि टॅकलनंतर चेंडूवर एक जण जरी पायांवर उभा राहिला तरी रेषा तयार, असं झालं. तेव्हा शेपटीची युक्तीही कुणीतरी इतकी ताणेल की हाही नियम बदलेल.

रेवा_कार्डिफ

उशिरा आले. कार्डिफमध्ये राहून या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. लाइनआउटच्या ऑफसाइडवर बोलताय आणि २०१५ च्या विश्वचषकाचा स्कॉटलंड-ऑस्ट्रेलिया सामना कुणी काढला कसा नाही?

१८ ऑक्टोबर २०१५, उपउपांत्य फेरी, ट्विकनहॅम, धो धो पाऊस. शेवटची दोन-तीन मिनिटं आणि स्कॉटलंड ३४-३२ ने पुढे. स्वतःच्या टापूत त्यांचा लाइनआउट. शहाण्याने पुढच्या खेळाडूला सोपा थ्रो दिला असता, यांनी मागच्या टोकाला टाकला. चेंडू कुणाच्या हातात बसला नाही, जॉन हार्डीकडून पुढे उडाला आणि पुढे असलेल्या जॉन वेल्शने तो घेतला. क्रेग जूबेरची शिट्टी: ऑफसाइड, पेनल्टी. बर्नार्ड फोलीने ती मारली, ऑस्ट्रेलिया ३५-३४. सामना संपताच जूबेर जे पळत सुटला ते थेट बोगद्यात. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीने जाहीर केलं की मध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा हात चेंडूला लागला होता, तेव्हा पेनल्टी नव्हे तर स्क्रम (दोन्हीकडच्या गड्यांनी वाकून, एकमेकांना रेटत खेळ पुन्हा सुरू करायचा तो) द्यायला हवा होता. माझ्या स्कॉटिश शेजाऱ्यासमोर मी हा विषय अजून काढत नाही.

शिट्टीधर

रेवाताई, सामना अगदी बरोबर, पण तो लाइनआउटचा ऑफसाइड नव्हे. तिथे दहा मीटरचा प्रश्नच नव्हता. तो नॉक-ऑननंतरचा ऑफसाइड. आपल्या माणसाकडून चेंडू पुढे उडाला, त्याच्यापुढे असलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याने तो खेळला आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची संधी गेली, तर पेनल्टी. पण मध्ये प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून चेंडू खेळला असेल तर तो पुढचा माणूस ऑनसाइड होतो. फिप्सच्या हाताला एवढं महत्त्व आलं ते यासाठी. ऑनसाइड झाला तरी मूळचा नॉक-ऑन उरतोच, म्हणून ऑस्ट्रेलियाला स्क्रम.

आणि इथेच दहा मीटरवाल्या बघ्यांचं वेगळेपण दिसतं. बघ्याला दुसऱ्या कुणाच्याही कृतीने ऑनसाइड होता येत नाही. सहकारी मागून पळत आला, समोरच्याने चेंडूला हात लावला, काही उपयोग नाही. स्वतःच्या पायांनी मागे जायचं. दमलेला खेळाडू परतताना थ्रो सुटला तर शिक्षा नाही, पण तो तडक मागे जात असला पाहिजे. बुटाची नाडी बांधत बसला तर गेला.

जूबेरबद्दल एकच सांगतो. तशा निर्णयासाठी टीव्हीवर बघायची मुभा त्याला नियमानेच नव्हती. पावसात, तीस सेकंदांचा गोंधळ, पूर्ण वेगात. मी तिथे असतो तर मीही पेनल्टीच दिली असती.

चिखलखेळ्या

आणि स्क्रम झाला असता तरी त्या जागेवरून ऑस्ट्रेलियाने काहीतरी मिळवलंच असतं, असं मला वाटतं. स्कॉटलंड हरला तो त्या थ्रोमुळे. पावसात मागच्या टोकाला टाकायचा म्हणजे... आमच्या जिमखान्याच्या मैदानावर असं कुणी केलं असतं तर कॅप्टनने त्याला चहा पाजला नसता.

रेवा_कार्डिफ

शिट्टीधर, मान्य. मग कार्डिफचीच एक कथा ऐका, तीही लाइनआउटची. ११ नोव्हेंबर १९७८, आर्म्स पार्क, वेल्स १२-१० ने पुढे, शेवटची मिनिटं. लाइनआउटला ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडचा, अँडी हेडन जणू कुणी ढकलल्यासारखा रांगेबाहेर कोसळला. निव्वळ नाटक. पेनल्टी मिळाली, न्यूझीलंड १३-१२. रेफरी रॉजर क्विटेंटनचं नंतरचं म्हणणं असं की पेनल्टी हेडनसाठी नव्हतीच, वेल्सच्या जेफ व्हीलने फ्रँक ऑलिव्हरच्या खांद्याचा आधार घेऊन उडी मारली, त्यासाठी होती. इथले म्हातारे पबमध्ये आजही ते मान्य करत नाहीत.

पण तुम्हा क्रिकेटवाल्यांसाठी खरी गंमत वेगळीच. ती पेनल्टी मारणारा होता ब्रायन मॅकेकनी.

तिसरा_पंच

थांबा. अंडरआर्मवाला मॅकेकनी?? १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, शेवटच्या चेंडूवर बरोबरीला षटकार हवा आणि ग्रेग चॅपेलने भावाला सरपटी टाकायला लावला तो?

रेवा_कार्डिफ

तोच. १९७८ ला नाटकाचा फायदा याला झाला आणि १९८१ ला नियमाच्या पळवाटेचा फटकाही यालाच बसला. वेल्सवाले म्हणतात, हिशेब चुकता.

बटाटेवडा०७

आणि त्याच महिन्यात त्याच मैदानावर गावसकर चेतन चौहानला घेऊन बाहेर चालायला लागले होते. मेलबर्नला त्या फेब्रुवारीत काय पाणी होतं कोण जाणे.

(धागा भरकटवल्याबद्दल आधीच माफी.)

प्राजक्ता_७

सगळे रेफरीच्या बाजूने बोलताय, खेळाडूच्या बाजूनेही सांगते. मी सेव्हन्स (सात-सात जणींची रग्बी) खेळते. आमच्याकडे लाइनआउटला दोन-तीन जणी, बाकी मैदान ओसाड. मी बहुतेक वेळा 'बघी'च असते. दहा मीटरवर उभं राहून रांगेतले पाय मोजणं कुणालाच जमत नाही. समोर पाठी दिसतात फक्त. म्हणून आम्हाला शिकवलंय ते असं: मॉल झाला की रेफरीकडे कान. बरेच रेफरी 'लाइनआउट ओव्हर' असं ओरडतात. तो शब्द आला किंवा चेंडू डोळ्यांनी बाहेर दिसला तरच सुटायचं. मॉल हलतोय की नाही हे बघायचंच नाही, कारण हलणारं काहीही दिसलं की पाय आपोआप निघतात. सातारकर काकांच्या मुलाचं तेच झालं असणार.

एक अपवाद मात्र आमच्या फार कामाचा. थ्रो पंधरा मीटरच्या पलीकडे जाणार असेल तर चेंडू फेकणारीच्या हातातून सुटल्या क्षणी मागचीने धावत यायला हरकत नाही. आम्ही ती चाल करतो. पण जुगार आहे. मी एकदा सुटले आणि आमच्या मुलीचा थ्रो चौदा मीटरवरच पडला. पंधराच्या आत म्हणजे मी ऑफसाइड, आमचाच लाइनआउट आणि पेनल्टी समोरच्यांना. नंतर दोघी एकमेकींशी दोन दिवस बोललो नव्हतो.

आणि क्विक थ्रोला, म्हणजे रांगा लागायच्या आधीच पटकन फेकलेल्या चेंडूला, यातलं काहीच नाही. लाइनआउट तयारच झालेला नसतो, मग दहा मीटर कशाचे?

चिखलखेळ्या

प्राजक्ता, शाब्बास. आमच्या वेळी कान देऊन उपयोग नव्हता, पावसात रेफरीचा आवाज नाकाडोळ्यांपुढे जायचा नाही.

शिट्टीधर, एक राहिलं. बचाव करणाऱ्यांनी मॉल होऊच दिला नाही तर? म्हणजे चेंडू झेलणारा खाली आला आणि आमचे सगळे मागे सरकले, भिडलेच नाहीत. आम्ही एकदोनदा केलं होतं.

शिट्टीधर

सुंदर प्रश्न, कारण उत्तर नुसतं मागे सरकण्यावर नाही, रांग सोडण्यावर आहे. सगळ्यांनी मिळून रांग सोडून मागे काढता पाय घेतला तर तुमच्याविरुद्ध पेनल्टी. लाइनआउट चालू असताना रांग अशी मोडता येत नाही. पण रांगेत राहून फक्त वाट मोकळी करून दिली, अंगाला अंग लावलं नाही, तर मॉल झालाच नाही. मॉलला दोन्हीकडचा माणूस लागतो. मग चेंडू पुढच्याच माणसाकडे असेल तर खेळ चालू, त्याला टॅकल करा. त्यांनी तो मागच्याकडे सरकवला की रेफरी सांगतो, चेंडू लगेच खेळा. न खेळता तसेच घोळक्याने पुढे आले तर चेंडूपुढचे त्यांचेच लोक आड येतात, आणि तुम्हाला स्क्रम मिळतो.

आणि या सगळ्या काळात बघे? दहा मीटर मागे. मॉल नाही, पण चेंडूही रांगेबाहेर पडलेला नाही.

सातारकर_हॅमिल्टन

पुढचा शनिवार उलटला, म्हणून हजेरी लावतोय.

चिरंजीवांना धागा वाचून दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही, कळतं सगळं. गार्डाच्या डब्याला हसला. मग म्हणाला की रेफरी काहीच ओरडला नव्हता, म्हणून त्याला वाटलं संपला. प्राजक्ता, तुझा कानाचा सल्ला त्याने उलटा लावला होता: ओरडला नाही म्हणजे सुटा! आता बदललंय.

या शनिवारी टचलाइनला झेंडा धरायला पालक हवा होता, तो मीच धरला. घमेंड होती की आता सगळं कळतं. पहिल्याच लाइनआउटला त्यांच्या हुकरने (चेंडू फेकणाऱ्याने) रांगेतल्या पहिल्या पोराला चेंडू टाकला, त्याने तो परत हुकरलाच दिला आणि हुकर टचलाइनलगत पळत सुटला. माझ्यामागे चार पालक ओरडायला लागले, 'ऑफसाइड, ऑफसाइड'. मी झेंडा वर केला नाही. मनात म्हटलं, हुकर कोण? भाग घेणारा. मार्कच्या आपल्याच बाजूला होता? होता. चेंडू पाच मीटरच्या पट्ट्यात आला म्हणजे लाइनआउट संपला, आता आमचे बॅक्स सुटले तरी चालेल. रेफरीनेही खेळ चालू ठेवला. बरोबर ना?

शिट्टीधर

बरोबर. फक्त थ्रो आधी पाच मीटरच्या रेषेपर्यंत जायला हवा होता, त्याआत पहिल्या पोराने हात घालून घेतला असेल तर गडबड. तेवढं पाहिलं होतंत का?

सातारकर_हॅमिल्टन

...नाही.

प्राजक्ता_७

आणि काका, त्या पट्ट्यात हुकरसमोर तुमचा एक माणूस उभा असायलाच हवा होता, मार्कपासून दोन मीटर आणि पाचच्या रेषेपासून दोन मीटर. तो पळत सुटला तेव्हा तुमचा माणूस कुठे होता?

सातारकर_हॅमिल्टन

बुटाची नाडी बांधत होता.